कड्यावरचा पत्ता : हिवाळी पक्ष्यांची नोंद आणि आपली साक्ष

बेळगावच्या दक्षिणेकडील शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांत भाताची सुगी आटोपली, की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरला जातो. त्या दिवसांत नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे शेपटी खालीवर करीत चालणारा एक लहान करडा-पांढरा पक्षी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. गणपती-दसऱ्याच्या सुमारास तो येतो आणि ऊन तापू लागले की नाहीसा होतो. तो इतका ओळखीचा आहे, की त्याचे घर येथे नाही, तो येथे अंडी घालीत नाही, असे वर्गात सांगितले तर विद्यार्थ्यांना प्रथम खरे वाटत नाही. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, पण हे कळले कसे? त्याच्या मागे कोण गेले होते?"

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर एका लहानशा धातूच्या कड्यात आहे. पक्ष्याच्या पायात क्रमांक आणि पत्ता कोरलेले हलके कडे अडकवायचे आणि त्याला सोडून द्यायचे, या पद्धतीला इंग्रजीत रिंगिंग म्हणतात. कडे घालणारा एका देशात असतो आणि ते कडे ज्याला सापडते तो माणूस दुसऱ्या देशात. दोघांची कधी भेट होत नाही. तरीही दुसऱ्याने कळविले तरच पहिल्याचे श्रम सार्थकी लागतात.

काही वर्षांपूर्वी हिडकल धरणाच्या मागील पाण्यालगतच्या एका गावातील विद्यार्थ्याने तासाला एक हकीकत सांगितली. त्याच्या घरच्यांना मासे धरायच्या जाळ्यात गुदमरून मेलेले एक बदक मिळाले. त्याच्या पायात कडे होते, कड्यावर अक्षरे आणि आकडे होते. घरात घबराट झाली. पोलीस विचारतील, वनखाते विचारील, नसती बला नको, म्हणून रात्रीच ते कडे विहिरीत टाकण्यात आले. ते बदक कोठून आले होते, किती वर्षे त्याने ही वाट तुडवली होती, हे आता कधीच कळणार नाही. कडे हरवले ते पक्ष्याच्या मृत्यूमुळे नव्हे, माणसाच्या भीतीमुळे. प्रस्तुत लेख त्या भीतीविषयी आणि तिच्यावर अध्यापकांनी करावयाच्या उपायाविषयी आहे.

पाहुणे कोण आणि का येतात?

आपल्या भागात हिवाळी पाहुण्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट पाणपक्ष्यांचा. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, चक्रवाक ही बदके तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यावर उतरतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की तुतारी, टिलवा यांसारखे लांब चोचीचे चिखलपक्षी तेथे दिसू लागतात. दुसरा गट माळरानाचा आणि शेतीचा. उभ्या जोंधळ्यावर धाड घालणाऱ्या गुलाबी भोरड्यांचे थवे शेतकऱ्याला गोफण हाती घ्यायला लावतात. त्याच भोरड्या पुढे पळस-पांगारा फुलला की त्या झाडांवर गर्दी करतात. गवताळ माळावर जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो आणि येथे मुख्यत्वे टोळ, नाकतोडे व लहान प्राणी खाऊन राहतो. तिसरा गट घराजवळचा आहे, म्हणून सहज नजरेतून सुटतो. आवारातील चिंचेवर दिवसभर चिकचिक करणारा इवलासा वटवट्या, कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा आणि वर सांगितलेला धोबी हे सारे या गटात येतात.

हे पक्षी केवळ थंडी टाळण्यासाठी येतात असा समज आहे. तो अपुरा आहे. पिसांमुळे पक्षी बरीच थंडी सोसू शकतो, पण त्याला उपास सोसवत नाही. उत्तरेत पाणी गोठते, किडे नाहीसे होतात, दिवस इतका आखूड होतो की चरायला वेळ पुरत नाही. म्हणून तो दक्षिणेला येतो. वसंतात उत्तरेचे दिवस मोठे होतात, किड्यांचा सुकाळ होतो, तेव्हा पिल्ले वाढविण्यासाठी तो परततो. म्हणजे या पक्ष्याला दोन घरे आहेत, आणि दोन्ही शाबूत असतील तरच तो जगतो. येथला तलाव बुजला तर सायबेरियातील घरटे रिकामे राहते, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यासारखे आहे.

आपल्या परिसराला लागून असलेले उत्तम उदाहरण पट्टकादंबाचे आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसवर्गीय पक्षी मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान येथील उंच सरोवरांकाठी घरटी करतो आणि हिमालय ओलांडून भारतात येतो. गदग जिल्ह्यातील मागडी तलाव हे त्याचे दक्षिणेतील नामांकित हिवाळी ठाणे आहे. २०२४ मध्ये त्या तलावाचा रामसर यादीत समावेश झाला. हे पक्षी दिवसा पाण्यावर विसावतात आणि आसपासच्या शेतांत चरतात. मंगोलियात ज्यांच्या मानेत क्रमांकाचे रंगीत पट्टे अडकविले होते असे काही पट्टकादंब कर्नाटकातील तलावांवर दुर्बिणीतून ओळखले गेले आहेत. उपकरणे बसविलेल्या पट्टकादंबांनी ७,२९० मीटरपर्यंतची उंची गाठल्याची नोंद आहे. त्याच अभ्यासांतून हेही दिसले, की ते शक्यतो फार उंच जात नाहीत, डोंगराच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत, दऱ्याखोऱ्यांचा आधार घेत जातात.

बाणापासून कड्यापर्यंत

पक्षी हिवाळ्यात जातात कोठे, हा प्रश्न फार जुना आहे. भिंगऱ्या तळ्याच्या चिखलात झोपून राहतात असे युरोपातील विद्वानही दीर्घकाळ मानीत होते. १८२२ साली जर्मनीत क्ल्युट्झ या गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून आफ्रिकी बनावटीचा लांब बाण आरपार गेलेला होता. तो बाण घेऊनच पक्षी आफ्रिकेतून परतला होता. पेंढा भरलेला तो करकोचा आजही रॉस्टॉक विद्यापीठात आहे. पक्ष्याच्या प्रवासाचा पुरावा प्रथम मिळाला तो असा, शिकाऱ्याच्या हत्यारातून.

त्या बाणाचे काम इजा न करता करणारी वस्तू म्हणजे कडे. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन यांनी १८९९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची क्रमांकित कडी साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांना घातली. आधी त्यांनी जस्ताची कडी वापरून पाहिली होती, ती जड पडली. हे गृहस्थ शाळेत शिकवीत असत, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. या शास्त्राचा पाया एका अध्यापकाने घातला आहे.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ च्या सुमारास हे काम हाती घेतले. सुरुवातीच्या काळात इंदूरजवळच्या धार संस्थानात, पवारांच्या राज्यात, बदकांना कडी घातली गेली, ही आपल्या माळव्यातील वाचकांना जवळची वाटणारी बाब आहे. पुढे या कामाला शास्त्रशुद्ध रूप आले ते डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्यामुळे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेला, लहानपणीच आईवडील गमावलेला हा मुलगा मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. त्याने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे विचारायला तो सोसायटीच्या कचेरीत गेला आणि सचिव मिलार्ड यांनी त्याला हुसकावून न देता संग्रह उघडून दाखविला. पुढे बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकत असताना सलीम अलींनी हेल्गोलंड येथील केंद्रात रिंगिंगचा अनुभव घेतला.

कड्यांनी काय कळविले? जर्मनीत कडे घातलेला पांढरा करकोचा बिकानेरकडे मिळाला. मुंबईत एका बंगल्याच्या हिरवळीवर कडे घातलेला करडा धोबी लागोपाठ काही हिवाळे त्याच हिरवळीवर परत आला. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की नकाशा आणि अंगण एका सूत्रात येतात. पक्षी नुसता 'दक्षिणेकडे' येत नाही, तो आपल्या ठरलेल्या जागी येतो. एखाद्या आवारातील पाणथळ कोपरा भरून तेथे वाहनतळ केला, तर पक्षी 'दुसरीकडे जातील' असे आपण सहज म्हणतो. परंतु दुसरीकडची जागा दुसऱ्यांनी आधीच व्यापलेली असते.

कडे घालतात कसे?

पहाटे, वारा पडलेला असताना, दोन काठ्यांच्या मध्ये अतिशय तलम धाग्याचे जाळे ताणतात. उडता पक्षी ते न दिसल्याने त्याच्या सैल खणात अलगद पडतो. जाळ्यावर सतत नजर ठेवावी लागते, कारण ऊन चढले किंवा मांजर-मुंगूस आले तर पक्षी दगावतो. पक्ष्याला सोडवून कापडी थैलीत ठेवतात, अंधारात तो शांत राहतो. मग जात, शक्य असल्यास नर-मादी व वय, पंखाची लांबी, वजन, अंगावरील चरबी आणि पिसे बदलण्याची अवस्था यांची नोंद होते. पायाच्या जाडीनुसार कड्याचे माप निवडून ते खास पकडीने बंद करतात. कडे पायावर मोकळे फिरले पाहिजे, पण घसरता कामा नये. सारे काम काही मिनिटांत उरकून पक्षी सोडला जातो.

ही कडी फार थोड्या प्रमाणात पुन्हा हाती लागतात. म्हणून अलीकडे मोठ्या पक्ष्यांना लांबून वाचता येतील असे रंगीत पट्टे, तर निवडक पक्ष्यांना उपग्रहाशी संपर्क ठेवणारी उपकरणे बसवितात. उपकरणाचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय पक्षी पकडणे हा गुन्हा आहे, आणि अप्रशिक्षित हातांत लहान पक्षी सहज मरतो. त्यामुळे महाविद्यालयांनी स्वतः जाळी लावण्याचा विचारही करू नये. आपले काम पाहण्याचे, लिहिण्याचे आणि कळविण्याचे आहे.

क्यासनूरचा ताप आणि पक्ष्यांवरचा आळ

सीमाभागातील वाचकांनी जाणून घ्यावे असे एक प्रकरण येथे आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रोगाचा विषाणू शोधला. तो रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला निघाला. साहजिकच प्रश्न उभा राहिला, की रशियाकडचा विषाणू मलनाडच्या जंगलात कोणी आणला? दर हिवाळ्यात तिकडून येणारे पक्षी हे पहिले संशयित ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सोसायटीने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर रिंगिंग आणि पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांचा तपास सुरू केला. भारतात पक्ष्यांच्या वाटांविषयीच्या माहितीत मोठी भर पडली ती या आळामुळे.

हा ताप प्रत्यक्षात जंगलातील गोचिडांमुळे पसरतो. पक्ष्यांनी तो बाहेरून आणला हे सिद्ध झाले नाही. पुढे हाच 'माकडताप' २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दिसला, म्हणजे अगदी आपल्या उंबऱ्याशी आला. काजूच्या बागेत आणि जंगलात जाणाऱ्यांनी गोचिडांपासून जपावे, माकड मेलेले दिसले तर आरोग्य खात्याला कळवावे, हा त्यावरचा व्यवहार्य धडा आहे. २००६ च्या प्रारंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हाही बोट प्रथम स्थलांतरित पक्ष्यांकडेच वळले. वन्य पाणपक्षी हा विषाणू वाहू शकतात हे खरे आहे, पण कोंबड्यांची व खुराड्यातील मालाची ने-आण हाही त्याच्या प्रसाराचा मोठा मार्ग आहे. बाहेरून आलेल्यावर आळ घेणे सोपे असते. तो खरा की खोटा हे ठरवायला नोंदी लागतात.

रास्त संशय आणि अडाणी संशय

रिंगिंगच्या या कामावर आणखी एक संशय आला, तो निधीवरून. त्यातील काही पैसा अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतून आला होता, आणि त्या काळी आशियातील पक्ष्यांच्या रिंगिंगचा एक मोठा प्रकल्प अमेरिकी लष्कराच्या संशोधन निधीवर चालत होता. लष्कराला पक्ष्यांच्या वाटा आणि रोग यांत इतका रस का, असा प्रश्न १९७० च्या दशकात आपल्या देशात विचारला गेला. सलीम अलींनाही टीका सोसावी लागली. तो प्रश्न विचारणे गैर नव्हते असे मला वाटते. संशोधनाला पैसा कोण देतो, माहिती कोणाकडे जाते, हे विचारण्याचा हक्क लोकशाहीत नागरिकाला आहे, आणि त्याचे उत्तर उघड कागदपत्रांनी देता येते.

दुसरा संशय निराळा आहे. मे २०२० मध्ये जम्मूच्या कठुआ सीमेवर पायात कडे असलेले कबुतर पकडले गेले. कड्यावरचा आकडा सांकेतिक संदेश असावा अशी शंका आली. सीमेपलीकडील कबुतरवाल्याने तो आपला फोन नंबर असल्याचे सांगितले. शेवटी कबुतर सोडण्यात आले. मे २०२३ मध्ये मुंबईच्या बंदरभागात असेच एक कबुतर चिनी हेर म्हणून धरले गेले. ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर होते. सुमारे आठ महिने पशुरुग्णालयात काढून जानेवारी २०२४ अखेर ते मोकळे झाले. सुरक्षा यंत्रणेने तपास करणे हे तिचे कामच आहे. पण या बातम्यांचा परिणाम काय होतो? कड्याचा हेतू पत्ता सांगण्याचा असतो, आणि आपण त्याला पत्ता लपविणारी वस्तू समजू लागतो. हिडकलजवळच्या त्या घरात नेमके हेच झाले. ज्यांना ठाण्याची पायरी चढण्याची सवय नाही, किंवा तेथे आपले ऐकले जाईल असा भरवसा नाही, त्यांच्या मनात ही भीती अधिक खोल असते. तिची टवाळी करण्यात अर्थ नाही. ती ओळखीच्या, विश्वासातल्या माणसानेच घालविली पाहिजे. गावोगाव असा माणूस बहुधा शिक्षकच असतो.

विश्वासाने काय साधते याचे उदाहरण नागालँडचे आहे. २०१२ मध्ये तेथील दोयांग जलाशयावर अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड हत्या होत असल्याचे उघड झाले. गावपंचायती आणि चर्च यांना सोबत घेऊन समजावणी झाली आणि पुढल्याच वर्षी शिकार थांबली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांना उपकरणे बसविण्यात आली, त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती अशी ठेवली गेली. जेमतेम दीडशे ग्रॅमचे हे पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात हे सगळ्यांनी पाहिले. ज्यांनी काल जाळी लावली होती, ते आज आपल्या गावाच्या नावाचा पक्षी कोठे पोचला हे विचारू लागले.

साक्षीची साखळी

आपल्या वाचकांना हदीसशास्त्रातील इस्नादची कल्पना परिचित आहे. मूळ मजकूर कितीही सुंदर असला तरी तो कोणी कोणाकडून ऐकला, ते दोघे भेटू शकत होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, हे तपासल्याशिवाय मुहद्दिस तो स्वीकारीत नसत. एक रावी निसटला की साखळी तुटली. धार्मिक ज्ञान आणि पक्षिशास्त्र यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही, दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे. पण नोंदीला वजन कशाने येते, याविषयीची ही शिस्त आपल्या परंपरेने फार पूर्वी घडविली आणि ती प्रयोगवहीलाही तंतोतंत लागू पडते. पक्षी कोणी पाहिला, कोठे, केव्हा, किती वेळ, कोणत्या साधनाने, आणि त्याला खात्री किती होती, हे नसेल तर 'तलावावर खूप बदके होती' या वाक्याला काहीच किंमत नाही.

बेळगावपुरते सांगायचे तर साखळीची एक जुनी कडी येथेच आहे. लष्करी नोकरीनिमित्त बेळगावला राहिलेले कॅप्टन ई. ए. बटलर यांनी दख्खन व दक्षिण मराठा प्रदेशातील पक्ष्यांची यादी १८८१ मध्ये ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून त्यांची तपासणी होत असे. आज ती गरज नाही. पण बटलर यांनी लिहून ठेवले म्हणून सुमारे दीड शतकानंतर आपण ताडून पाहू शकतो. आपली वही पुढच्या शतकातील अध्यापकाला तशीच उपयोगी पडावी.

सामान्य माणसांच्या नोंदींचे बळ किती असते, ते 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालावरून दिसते. देशभरातील ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकाळचा कल ठरविता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि केवळ ३६ वाढल्या. दूरवरून येणाऱ्या पाहुण्यांची घट अधिक तीव्र आहे.

महाविद्यालयात काय करता येईल?

पहिली गोष्ट, एक जागा ठरवावी. आवार, जवळचा तलाव किंवा नाल्याकाठची एक ठराविक वाट चालेल. बळ्ळारी नाल्याचा काठ, किल्ल्याचा तलाव, राकसकोपचा जलाशय अशी ठिकाणे बेळगावकरांना आहेतच. इंदूरच्या अध्यापकांना सिरपूर तलाव व यशवंतसागर, वडोद्याच्या मंडळींना डभोईजवळचे वढवाणा, गोव्यात करमळीचे तळे जवळ पडेल. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच वेळी, तेवढाच वेळ, तेवढेच अंतर पाहावे. जागा आणि वेळ बदलत राहिली तर संख्या पक्ष्यांची बदलली की आपल्या फिरण्याची, हे सांगता येत नाही.

दुसरी, तारीख सौर पंचांगाप्रमाणे लिहावी. हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या घरांत पुष्कळ गोष्टी 'रमजानच्या आधी', 'ईदनंतर' अशा लक्षात ठेवल्या जातात. हिजरी वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरते आणि रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. धोबी मात्र सूर्याच्या हिशोबाने चालतो.

तिसरी, जे दिसले नाही तेही लिहावे. गेल्या वर्षी चाळीस तलवार बदके होती आणि यंदा एकही नाही, तर 'शून्य' ही अतिशय मोलाची नोंद आहे. पाणी किती होते, मासेमारी चालू होती का, काठावर राडारोडा टाकला होता का, तेही सोबत असावे. खात्री नसेल तेथे 'बदक, जात अनिश्चित' असे लिहिण्याचा कमीपणा वाटू नये. मादी भुवई बदक आणि मादी चक्रांग यांत जाणकारही चुकतात. शेतात दिसणारा धोबी पाठीने काळा व आकाराने मोठा असेल, तर तो बारमाही येथेच राहणारा, पाहुणा नव्हे, हे भेदही हळूहळू कळू लागतात.

चौथी, आपली नोंद मोठ्या नोंदवहीत जावी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत महाविद्यालयीन आवारांतील पक्षिगणना असते. ई-बर्डवर केव्हाही नोंद करता येते. यासाठी दोन दुर्बिणी, एक चित्रमय पुस्तक आणि चिकाटी पुरते. यात शास्त्र शाखेचाच विद्यार्थी हवा असे नाही. भूगोलाचा विद्यार्थी नकाशा करील, संख्याशास्त्राचा आलेख काढील, भाषेचा विद्यार्थी आजीकडून पक्ष्यांची मराठी, दख्खनी आणि कन्नड नावे गोळा करील. कुराणात सुलेमान अलैहिस्सलाम यांच्याकडे वार्ता घेऊन येणारा हुदहुद कोणता, हे पुष्कळ मुलांना ठाऊक असते, पण तोच तुरेवाला पक्षी हिवाळ्यात आपल्या मैदानावर चोचीने माती उकरीत असतो, हे त्यांना दाखवावे लागते.

पाचवी गोष्ट कड्याची. कडे असलेला पक्षी जिवंत असेल तर कडे काढू नये. लांबून फोटो घ्यावा आणि अक्षरे, आकडे, रंग, डावा पाय की उजवा, हे लिहावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. कड्यावरील सर्व मजकूर जसाच्या तसा उतरवून स्थळ, तारीख व पक्ष्याच्या अवस्थेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाउस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई येथे कळवावे. परदेशी कडे असले तरी ते संबंधित देशाला कळविण्याची व्यवस्था तेथून होते. वनखात्यालाही माहिती द्यावी. गावकऱ्याला एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल तर महाविद्यालयाच्या पत्रावर, प्राचार्यांच्या सहीने कळवावे. माहिती देणे हा गुन्हा नाही, ती शास्त्राची सेवा आहे, हे पत्र हाती असले म्हणजे माणसाला धीर येतो.

समारोप

वर सांगितलेला विद्यार्थी पुढे पदवीधर होऊन गेला. त्यानंतर आमच्या विभागात एक साधी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर वरील पाचवी सूचना मराठी, उर्दू आणि कन्नडमध्ये लिहिली आहे, आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला ती पहिल्याच आठवड्यात वाचून दाखविली जाते. वहीत अजून एकाही कड्याची नोंद झालेली नाही. तसे होणे दुर्मिळच असते. परंतु धोबी कोणत्या तारखेला प्रथम दिसला, याच्या ओळी तिच्यात दरवर्षी भर घालीत आहेत, आणि त्या ओळींसमोर पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आहे. विहिरीच्या तळाशी गेलेले कडे आता मिळणार नाही. पुढचे कडे ज्याच्या हाती येईल त्याला ते कोणाकडे न्यायचे हे माहीत असावे, एवढी तजवीज आपल्या प्रत्येक महाविद्यालयाला या हिवाळ्यात करता येण्यासारखी आहे.